कांदा

कार्यक्रम दोनला सुरू व्हायचा होता.
मिडल्सब्रोच्या त्या चर्चमागच्या हॉलमध्ये
डोरीन सकाळपासून पताका लावत होती.
भिंतभर एक कापड, त्यावर सोळा भाषांत ‘सुस्वागतम्’,
त्यातलं मराठी माझं, कुणी न मागता लिहिलेलं.
टेबलावर केक, काकडीची सँडविचं,
आणि माझ्याकडे नावांच्या चिकटपट्ट्या, एक जाड पेन.

हेमिन. तिजानी.
मग ती आली, लेतेब्रहान.
सरकारी पत्रांत माझं नाव तीन तऱ्हांनी चुकलंय, म्हणाली.
मी हळूच देवनागरीत लिहिलं,
एकही अक्षर न सांडता.
तिने ते उलटसुलट पाहिलं, मनगटावर चिकटवलं
आणि विचारलं, किचन कुठंय?

अकरा महिने ती हॉटेलात आहे.
हॉटेल म्हटलं की आपल्याला वाटते चैन.
तिथे खिडकी चार बोटं उघडते,
जेवण डब्यातून येतं, झाकणावर तारीख,
आणि चूल नाही.
कांदे हवेत, ती म्हणाली.
किती?
आहेत तेवढे.

नॉर्मन चिरायला बसला.
तीस वर्षं पोलादाच्या भट्टीवर काढलेला माणूस,
भट्टी बंद झाली तेव्हाही रडला नाही, असं डोरीन सांगते.
आज तिसऱ्याच कांद्याला हरला.

तेल नाही. कोरड्या पातेल्यात कांदा पडला
आणि ती ढवळत राहिली.
घाई आम्हाला होती:
नगरसेविका भाषणाचा कागद घेऊन आलेली,
गिटारवाला मुलगा तारा पिळत बसलेला.
मग तिने पिशवीतून पुडी काढली,
लाल तिखट, लिंथॉर्प रोडवरचं,
आठवड्याच्या मोजक्या पैशांतलं.
ते कांद्यावर पडलं
आणि आगीचा भोंगा वाजला.

हॉल रिकामा झाला.
तिजानी टेबलाखाली गेला.
हेमिन त्याच्या शेजारी आडवा झाला, काही न विचारता.
नॉर्मन खुर्चीवर चढून
फडक्याने भोंग्याला वारा घालत होता.
लेतेब्रहान जागची हलली नाही.
हलली असती तर कांदा करपला असता.
तिने फक्त खिडकी उघडली,
रस्त्याच्या बाजूची, सताड.

मी इथे आले तेव्हा कुणी पताका लावल्या नव्हत्या.
पण माझ्याकडे व्हिसा होता, नोकरीचं पत्र,
चार बर्नरची शेगडी.
आणि पहिला कांदा परतताना
मी सगळ्या खिडक्या लावून घेतल्या होत्या,
शेजारी काय म्हणतील म्हणून.
बारा वर्षं झाली.
अजून लावते.

भाषण राहूनच गेलं.
बाहेर भिजलेली माणसं आत येऊन रांग लावू लागली,
तर रांग नको म्हणाली ती. बसा.
सगळ्यांना बसवलं, डोरीनलासुद्धा,
जिला या हॉलमध्ये बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.
अजून? अजून? करत ती वाढत फिरली.
मी ताटावर आडवा हात धरला,
आपण धरतो तसा.
तो तिला नेमका कळला,
म्हणजे तिने तो बाजूला सारला आणि वाढलंच.

कापडाचं एक टोक सुटून लोंबत होतं.
कुणी उठलं नाही.

सहाला हॉटेलची गाडी आली.
तिने पातेलं घासून पालथं घातलं, चमचे मोजले,
विचारलं, पुढच्या शनिवारी?
डोरीनने वही उघडली.
पुढचा शनिवार कुत्र्यांच्या शिकवणीला दिलेला,
त्यापुढचा कुणाच्या तरी साठीला.
ती पानं उलटत राहिली.
लेतेब्रहान कोट घालून उभी,
मनगटावर माझ्या अक्षरातलं तिचं नाव,
एका कोपऱ्यात सुटू लागलेलं,
कडेला तिखटाचा डाग.

बाहेर हॉर्न वाजला.
डोरीन मान वर न करता म्हणाली,
थांबू दे त्याला.